बंदूक, कान आणि परसातले घुबड

घुबड हा पाहण्यापेक्षा ऐकण्याचा पक्षी आहे. संस्कृतातील 'उलूक' आणि 'घूक', लॅटिनमधील 'उलुला' ही नावे नुसती मोठ्याने उच्चारून पाहिली तरी ती कशावरून पडली असतील हे कळते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ व्या सूक्तात उलूक येतो. तेथे त्याच्या रूपाचे वर्णन नाही; उल्लेख आहे तो त्याच्या बोलण्याचा, आणि ते बोलणे निष्फळ ठरावे अशी प्रार्थना आहे. पुढे शकुनशास्त्रावर जे ग्रंथ झाले त्यांत पिंगळ्याच्या आवाजाला मोठे स्थान मिळाले. वसंतराजाच्या शाकुनग्रंथात तर 'पिंगलारुत' असे स्वतंत्र प्रकरणच आहे. आणि ग्रंथ बाजूला ठेवले तरी पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येणारा पिंगळा जोशी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील जुन्या माणसांना ठाऊक आहे. पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असे तो सांगे, आणि त्याच्या नावातच पक्षी होता.

म्हणजे ऐकणे आपल्याकडे होते, आणि बारकाईने होते. पक्षी कोणत्या दिशेला बोलला, किती वेळा बोलला, रात्रीच्या कोणत्या प्रहरी बोलला, हे सारे मोजले जाई. फक्त त्याचा उपयोग माणसाचे भविष्य सांगण्यासाठी होई. पक्षी स्वतःविषयी काय सांगतो आहे हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो प्रश्न विचारणारे शास्त्र आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते खांद्यावर बंदूक घेऊन आले. त्यामुळे घुबडांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडली. ज्यांना आवाज ठाऊक होते त्यांच्याकडे शास्त्र नव्हते, आणि ज्यांच्याकडे शास्त्र होते त्यांच्या पेटीत फक्त कातडी जमा होत गेली. या दोन गोष्टी एकत्र यायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला, आणि त्यापायी महाराष्ट्रातील एक घुबड शास्त्राच्या दृष्टीने हरवलेच होते.

मलकापूरच्या वरून आणि खालून

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याने पन्नासएक किलोमीटर गेले की शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर लागते. विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे येथे होते. गाव लहान, पण जागा मोठी मोक्याची. पूर्वेला उसाचा आणि भाताचा मोकळा मुलूख, पश्चिमेला आंबा घाटाचे दाट रान आणि त्यापलीकडे कोकण. देशावरची घुबडे आणि घाटातली घुबडे या दोहोंचे आवाज एकाच पट्ट्यात ऐकू यावेत अशी ही सीमारेषा आहे.

या मुलखातील पक्ष्यांची शास्त्रीय नोंद कोणी केली ते पाहू. पहिले नाव येते विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याचे. मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. त्या फिरतीत त्याने पक्षीही जमवले आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांची यादी मांडली. या यादीचा एक विशेष मला फार आवडतो. साइक्स अनेक पक्ष्यांपुढे मराठी नाव देतो, म्हणजे त्याने ते कोणाला तरी विचारलेले आहे. एका मोठ्या वनघुबडाला त्याने शास्त्रीय नावच 'इंद्राणी' असे दिले. तपकिरी वनघुबडाच्या आपल्याकडील उपजातीला आजही हेच नाव आहे. अपशकुनी म्हणून ज्याला घराजवळ बसू देत नाहीत त्या पक्ष्याला इंद्राच्या राणीचे नाव मिळाले आहे, हे वर्गात सांगितले तर मुले नाव विसरणार नाहीत.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १८८० च्या आसपास, दोन मोठ्या याद्या निघाल्या. दक्षिण कोकणची यादी जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याने केली, तर मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागाची ई. ए. बटलर या लष्करी कप्तानाने. दोन्ही याद्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापल्या गेल्या. मलकापूर या दोन याद्यांच्या मधोमध पडते, घाटाखाली विडाल आणि घाटावर बटलर. 'स्ट्रे फेदर्स'चा संपादक होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. आपण त्याला १८८५ च्या राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून इतिहासाच्या तासाला शिकवतो. पण विज्ञानाच्या तासालाही त्याचे नाव घ्यायला हरकत नाही. त्याने साठ हजारांहून अधिक पक्ष्यांची कातडी जमवली आणि ती ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. त्याची हस्तलिखिते मात्र सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीच्या भावाने विकली.

ही माणसे निर्दयी होती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. दुर्बिणी अजून कामचलाऊ होत्या, छायाचित्रण त्या कामाचे नव्हते, ध्वनिमुद्रण तर नव्हतेच. पक्षी हातात घेतल्याशिवाय त्याचे पंख मोजता येत नसत, आणि बंदुकीशिवाय तो हातात येत नसे. त्यांच्या टिपणांत आवाजांची वर्णनेही येतात. पण वर्णने शब्दांत होती, आणि शब्दांत आवाज मावत नाही. पिंगळ्याच्या आवाजाला कोणी 'चिरूर-चिरूर' लिहील, कोणी 'किचकिच' लिहील. दोघांनी एकच पक्षी ऐकला की दोन, हे वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. कातडे मात्र लंडनच्या कपाटात शंभर वर्षांनीही जसेच्या तसे काढून पाहता येते. म्हणून शास्त्र कातड्यावर उभे राहिले.

पट्टी लावून ऐकणारे शेजारी

कान वापरून पक्षिशास्त्र करता येते याचे उदाहरण मात्र त्याआधीच होऊन गेले होते. इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचा धर्मोपदेशक राहत असे. आपले गाव आणि आपली बाग यांपलीकडे तो फारसा गेला नाही. मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून त्याचे १७८९ चे प्रसिद्ध पुस्तक तयार झाले. त्या काळी एकच समजल्या जाणाऱ्या लहानशा हिरवट पर्णवटवट्यांत तीन वेगळ्या जाती आहेत हे त्याने ओळखले, आणि ओळखले ते मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून. नंतर मापे घेतली तेव्हा ती जुळली.

घुबडांविषयीचे त्याचे टिपण तर संगीतशिक्षकांनी वाचावे असे आहे. त्याच्या एका गानप्रेमी मित्राने सूर लावण्याची पिपाणी घेऊन आसपासच्या घुबडांचे घुमणे तपासले. त्याला सगळी घुबडे एकाच पट्टीत घुमताना आढळली. ती पट्टी आपल्या पेटीवर काळी पाच येते. पुढे दुसऱ्या एका शेजाऱ्याने हाच प्रयोग केला, तर त्याची घुबडे काळी तीन, काळी चार आणि काळी पाच अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत निघाली. एकमेकांना साद घालणाऱ्या दोघांत एक काळी चारमध्ये होते, दुसरे काळी पाचमध्ये. (त्या काळची पट्टी आजच्या पेटीशी तंतोतंत जुळत नाही, पण आपल्या कामापुरती ही तुलना चालेल.) व्हाइट येथे थांबला नाही. हे वेगळे सूर वेगळ्या जातींचे, की एकाच जातीतील वेगवेगळ्या पक्ष्यांचे, असा प्रश्न त्याने लिहून ठेवला. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणे करून या जातीचा अभ्यास झाला, तेव्हा एकेक नर त्याच्या घुमण्यावरून ओळखता येतो असे दिसून आले. व्हाइटचा दुसरा पर्याय बरोबर होता.

याच व्हाइटने चर्चच्या वळचणीला राहणाऱ्या गव्हाणी घुबडांच्या जोडीवर तासभर घड्याळ धरले होते. दोघांपैकी एकतरी पक्षी दर पाच मिनिटांच्या सुमारास पिल्लांसाठी भक्ष्य आणत होता. घड्याळ, पिपाणी आणि वही एवढीच साधने, आणि ती त्या काळच्या कोणत्याही शाळेत असतील अशी.

आपल्याकडे या प्रकारच्या माणसाचा शोध घेतला तर तो साताऱ्यात जन्मलेला सापडतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (जन्म १८५१), 'ईहा' या टोपणनावाने लिहिणारा. तो काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत होता. नंतर जकात आणि मीठ खात्यात नोकरी, आणि त्यानिमित्त कोकणकिनाऱ्यावर बदल्या. १८८३ साली त्याचे 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक आले. नाव वाचून सरहद्दीवरच्या टोळ्यांचा भास होतो. प्रत्यक्षात त्यात बंगल्याच्या आवारातले उंदीर, पाली, मुंग्या, कावळे आणि बेडूक आहेत. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ माणसांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत एटकेन होता, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. हा तपशील आपल्या शालेय पुस्तकांत का येत नाही, हे मला कोडे आहे.

याच परंपरेत सालिम अलींचे किहीम येते. १९३० मध्ये ते जर्मनीहून शिकून परतले तेव्हा त्यांना मुंबईत नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला पत्नीच्या माहेरच्या घरी राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात बसून त्यांनी जे पाहिले ते आज सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. घरटे नर विणतो. ते अर्धवट असताना मादी येऊन पारखते आणि पसंत पडले तर राहते. मग नर दुसरे घरटे विणायला घेऊन दुसरी मादी मिळवतो. हे काम कातड्यावरून होणे शक्यच नव्हते. त्यासाठी पक्षी जिवंत हवा होता, आणि तो रोज दिसेल इतका जवळ हवा होता.

सात कातडी आणि न ऐकलेला आवाज

आता त्या हरवलेल्या घुबडाकडे येतो. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातील एका जंगलात एफ. आर. ब्लेविट याने एक लहान घुबड मिळवले. दिसायला थेट आपल्या पिंगळ्यासारखे, पण डोके व पाठ जवळजवळ ठिपक्यांविना, पंजे दणकट आणि चोच मोठी. ह्यूमने पुढच्या वर्षी ते नवी जाती म्हणून जाहीर केले आणि ब्लेविटचे नाव त्याला दिले. मराठीत आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. जेम्स डेव्हिडसन या खानदेशातील मुलकी अधिकाऱ्याने तेथे आणखी काही पक्षी टिपले. शेवटचा १८८४ मधला. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून या जातीची सात कातडी, आणि आवाजाविषयी एक ओळही कामाची नाही.

सातांपैकी एक कातडे घोटाळ्याचे होते. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश कर्नलने ते आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळवल्याची चिठ्ठी त्याला लावली होती. हा कर्नल पक्षिशास्त्रात नामांकित होता. त्यामुळे त्याच्या चिठ्ठीवर अविश्वास दाखवायचे कोणाला कारण पडले नाही. १९७० च्या दशकात सालिम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, तो लागला नाही. हा पक्षी नष्ट झाला असावा असेच मग बहुतेकांना वाटू लागले.

पामेला रासमुसेन ही अमेरिकन शास्त्रज्ञ १९९० च्या दशकात हीच कातडी तपासत होती. कातडे सोलून भरण्याची प्रत्येक संग्राहकाची पद्धत वेगळी असते, जसे हस्ताक्षर असते तसेच. कर्नलच्या पक्ष्यावर डेव्हिडसनचा हात दिसत होता. क्ष-किरणांनी आणि आतील धाग्यांच्या तपासणीने हे पक्के झाले. डेव्हिडसनने खानदेशात टिपलेला पक्षी ब्रिटिश म्युझियममधून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून परत जगापुढे ठेवलेला होता. नायजेल कॉलर यांच्याबरोबर लिहिलेला याविषयीचा तिचा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्याआधीच तिने या शोधातला व्यावहारिक धडा उचलला होता. गुजरातची नोंद खोटी, तर ती सोडून उरलेल्या खऱ्या ठिकाणीच जायचे. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सोबत्यांसह ती आधी पूर्वेकडे आणि मग खानदेशात गेली. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर भर उन्हात रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

या गोष्टीतला चोरीचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि तो रंजक आहेच. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. खोट्या चिठ्ठीने लोकांना चुकीच्या जिल्ह्यात पाठवले हे खरे, पण खऱ्या जिल्ह्यातसुद्धा शोधणाऱ्याचे कान रिकामे होते. घुबड शोधायचे म्हणजे रात्री निघायचे आणि आवाजाचा माग काढायचा. येथे आवाज कोणालाच ठाऊक नव्हता, आणि पक्षी दिवसा उन्हात बसून शिकार करणारा निघाला. कातड्यावर या दोन्हींपैकी एकही गोष्ट लिहिलेली नसते. सातपुड्यातील वाड्यापाड्यांवर राहणाऱ्यांनी तो आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकला असणारच, पण त्यांना कोणी विचारले नाही. १९९९ मध्ये रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी रानपिंगळ्याच्या आवाजांचे आणि वागण्याचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर हा पक्षी मेळघाटात, यावलच्या रानात, मध्य प्रदेशात आढळत गेला. २०१४ मध्ये तर तो मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात सापडला. त्याची संख्या फार थोडी आहे आणि जंगलतोडीचे संकट कायम आहे. पण काय ऐकायचे हे आता ठाऊक आहे.

आवाज हीच ओळख

घुबडाचा आवाज इतका भरवशाचा का, हा प्रश्न विद्यार्थी विचारतील. बुलबुल, दयाळ, वटवट्या यांसारखी गाणारी पाखरे आपले गाणे मोठ्यांकडून ऐकून शिकतात. त्यामुळे त्यांच्या गाण्यात मुलखामुलखाप्रमाणे बोली पडतात. घुबडाचे तसे नाही. त्याची साद जन्मजात असते, शिकावी लागत नाही. म्हणून एका जातीची साद तिच्या साऱ्या मुलखात बरीचशी एकसारखी राहते, आणि दोन घुबडे दिसायला सारखी पण साद वेगळी असली तर त्या दोन जाती असण्याचा संभव मोठा. जो मार्शल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये आशियातील लहान निशाचर पक्ष्यांचे वर्गीकरण आवाजांच्या आधारे मांडले, ते याच तत्त्वावर.

हे शक्य झाले ते ध्वनिमुद्रणामुळे. पक्ष्याच्या आवाजाचे सर्वांत जुने ज्ञात मुद्रण १८८९ चे आहे. लुडविग कोख या आठ वर्षांच्या जर्मन मुलाने मेणाच्या नळकांड्यावर ते केले, आणि पक्षी होता आपल्याकडचा शामा! पुढे १९४० च्या दशकात आवाजाचे कागदावर चित्र उमटवणारे यंत्र आले. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर कंपनसंख्या. 'चिरूर' की 'किचकिच' हा वाद त्या चित्राने संपवला.

श्रीलंकेतील एक घटना रानपिंगळ्याच्या अगदी उलट आहे. १९९५ मध्ये दीपाल वारकागोडा यांनी तेथील पावसाळी जंगलात एक अनोळखी साद ऐकली. कोणत्याही ज्ञात पक्ष्याशी ती जुळेना. सहा वर्षे ते ती साद ऐकत, टिपत राहिले. २३ जानेवारी २००१ रोजी तो पक्षी दिसला, आणि २००४ मध्ये शिंगळ्याच्या गटातील नवी जाती म्हणून त्याचे वर्णन झाले. एका पक्ष्याचे कातडे सव्वाशे वर्षे होते पण आवाज नव्हता, आणि तो हरवला. दुसऱ्याचा केवळ आवाज होता, आणि तो सापडला.

परसात बसून

मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. पक्ष्यांकडे वळलो तो उशिरा, २०२० च्या टाळेबंदीत. त्या वर्षी देशभर अनेकांनी घराच्या गच्चीतून आणि परसातून पक्षी मोजायला सुरुवात केली. त्यांतलाच मी एक. मलकापुरातल्या परसात पहिल्या काही आठवड्यांत माझ्या वहीत जे भरले ते मुख्यतः दिवसाचे पक्षी होते. रात्रीचा रकाना उघडला तो मागच्या आंब्यावरच्या पिंगळ्याच्या जोडीने. दिवेलागणीला दोघे ढोलीतून बाहेर येतात, फांदीवर शेजारी बसतात आणि एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून जी कलकल करतात ती भांडणासारखी वाटते. त्यानंतर एक जण रस्त्याच्या दिव्याखाली किडे टिपायला जातो. हा सारा कार्यक्रम वीसएक मिनिटांत आटोपतो, आणि त्यासाठी गावाबाहेर पाऊल टाकावे लागत नाही.

या पट्ट्यात कान लावणाऱ्यांसाठी थोडी मदत करतो. घोगऱ्या, ताणलेल्या किंकाळीसारखा आवाज हवेतून सरकत गेला तर ते गव्हाणी घुबड. जुने वाडे, देवळे, शाळांचे माळे ही त्याची घरे. बेडकासारखा मृदू, प्रश्न विचारल्यासारखा 'वट्?' दर काही सेकंदांनी एकाच जागेवरून येत असेल तर तो शिंगळा. आमराईतून एकदम थरथरत उठणारी 'चुहुआऽऽ' अशी दचकवणारी साद वनघुबडाची, आणि भुताखेताच्या निम्म्या गोष्टींचा उगम मला तरी तिच्यातच दिसतो. नदीकाठच्या जुन्या झाडांतून खोल 'बूम-बूम' आले तर मासेखाऊ घुबड. दरडीच्या बाजूने 'बू-बोऽ', दुसरा स्वर लांबलेला, असे आले तर शृंगी घुबड. घाटाच्या दिशेला जंगली पिंगळा संथ सुरुवात करून लय वाढवत नेतो. 'चक-चक-चक' असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज मात्र घुबडाचा नव्हे, तो रातव्याचा. अंतराचा अंदाज करताना सावध असावे. खालच्या पट्टीचे स्वर हवेत कमी शोषले जातात, आणि रात्रीच्या थंड, स्थिर हवेत ते फार दूरवर पोचतात. अंगणातच वाटणारे घुमणे पलीकडच्या ओढ्याचे असू शकते.

आपल्यापेक्षा घुबडाचा कान किती तरबेज, हे रॉजर पेन या अमेरिकन संशोधकाने दाखवले. पूर्ण अंधाऱ्या खोलीत पाचोळ्यावर उंदीर सोडला, तर गव्हाणी घुबड केवळ सळसळीवरून झेप घेऊन त्याला अचूक पकडते. त्याच्या दोन कानांची छिद्रे समान उंचीवर नसतात. त्यामुळे खालून आलेला आणि वरून आलेला आवाज दोन कानांत वेगवेगळ्या जोराने पडतो, आणि उभ्या दिशेचाही अंदाज येतो. कॅलिफोर्नियात मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी १९७८ मध्ये घुबडाच्या मेंदूत असा पेशीसमूह दाखवला की जेथे भोवतालच्या जागेचा जणू आवाजी नकाशाच मांडलेला असतो.

शिक्षकांसाठी एक काम सुचवतो. घुबड भक्ष्य बहुधा अख्खे गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून टाकते. गव्हाणी घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली अशा गोळ्या मिळतात. हातमोजे घालून त्या उचलाव्यात, कोमट पाण्यात भिजवाव्यात आणि सुईने सोडवाव्यात. जबड्यांवरून उंदीर आणि चिचुंद्री वेगळे करता येतात. एका महिन्याच्या गोळ्यांतून निघालेले जबडे कागदावर ओळीने चिकटवले, की घुबड शेतकऱ्याचे काय काम करते ते फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

गरज आहे, कारण भीती अजून आहे. रात्री कोणाला नावाने हाक मारू नये, घुबड ते नाव उचलते, असे आमच्या भागात आजही सांगतात. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेते, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, अशीही समजूत आहे. या दुसऱ्या समजुतीने किती घुबडे वाचली असतील! ती खोडून काढायची घाई मी करणार नाही. खरा धोका जादूटोण्याच्या नावाने होणाऱ्या व्यापाराचा आहे. दिवाळीच्या सुमारास देशाच्या अनेक भागांत घुबडे पकडली आणि विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती सर्व संरक्षित आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना माहीत असावी. ध्वनिमुद्रित साद वाजवून घुबडाला जवळ बोलावण्याचा मोहही टाळावा. विणीच्या काळात त्याला तो घुसखोर वाटतो, आणि अंडी सोडून ते भांडायला येते.

अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेली परसातील पक्ष्यांची फेब्रुवारीतली गणना भारतात २०१३ पासून होते. चार दिवस, निदान पंधरा मिनिटे, कोणत्याही एका जागी. त्यात बहुतेक नोंदी सकाळच्या असतात, त्यामुळे घुबडांचे रकाने रिकामे राहतात. फेब्रुवारी तर पिंगळ्याच्या विणीतला महिना. शाळेतल्या मुलांनी त्या चार संध्याकाळी आपापल्या अंगणातून वेळ, दिशा आणि आवाज एवढेच लिहिले तरी विडाल आणि बटलर यांच्या याद्यांमधली जागा भरू लागेल. शाळेत पेटी असेल तर आणखी एक करता येईल. पिंगळ्याची कलकल कोणत्याच पट्टीत बसणार नाही. पण शिंगळ्याचा 'वट्?' आणि मासेखाऊ घुबडाचा 'बूम' यांना सूर आहे. गावाच्या दोन टोकांना दोन शिंगळे बोलत असतील तर त्यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत का, ते पेटीवर बोट ठेवून पाहावे आणि तारखेसह वहीत लिहावे.